केशवदेव मालवीय: तेलमंत्री आणि दहा हजारांचे प्रकरण

सार्वजनिक क्षेत्रातील तेलउद्योगाचे जनक म्हणून केशवदेव मालवीय यांचा गौरव होतो. एका खाणमालकाच्या पैशावरून त्यांना नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

१९०४ साली जन्मलेले मालवीय कानपूरला तेलतंत्रज्ञान शिकले, स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि पुढे केंद्रात नैसर्गिक साधनसंपत्तीचे मंत्री झाले. तेव्हा देशातील तेलाच्या व्यापारावर बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स या विदेशी कंपन्यांची पकड होती. मालवीयांनी सोव्हिएत तज्ज्ञ बोलावले. १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला. १९५८ मध्ये खंबायतला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. विदेशी कंपन्यांना तेलाच्या किमतीबाबत प्रथमच सरकारचे ऐकून घ्यावे लागले.

मात्र खनिजांचा कारभारही याच मंत्र्याकडे होता. ओरिसात मँगनीजच्या खाणी असलेल्या सिराजुद्दीन कंपनीने १९५७ च्या निवडणुकीत मालवीयांच्या सांगण्यावरून एका काँग्रेस उमेदवाराला १०,००० रुपये दिल्याचा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. दास यांनी चौकशी केली, जून १९६३ मध्ये मालवीयांनी राजीनामा दिला. अहवाल मात्र प्रसिद्ध झाला नाही. अशा आरोपांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण नेमा, ही माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांची १९५९ मधील मागणी नेहरूंनी मानली नव्हती.

या प्रकरणातील मुख्य आरोप मालवीयांनी स्वतःचे घर भरल्याचा नव्हता. पैसा पक्षाच्या उमेदवारासाठी होता. दुखणे नेमके तेथेच आहे. खनिजाचा पट्टा सरकारच्या सहीने मिळतो आणि सही करणाऱ्यांना दर पाच वर्षांनी निवडणुकीचा खर्च भागवावा लागतो. खाणमालकाने मोजलेला रुपया तो खनिजातूनच वसूल करणार, आणि तूट पडणार ती सरकारी तिजोरीत. राष्ट्रीय मालकीने संपत्ती देशात राहिली, पण ती वाटण्याची रीत बंद दाराआडचीच राहिली. खाणपट्टे लिलावाने देण्याची सक्ती कायद्यात यायला २०१५ साल उजाडावे लागले.

मालवीयांचे पुनर्वसन इंदिरा गांधींनी केले. मुंबई हायचे तेल सापडले त्याच वर्षी, १९७४ मध्ये, ते पेट्रोलियममंत्री झाले. १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले आणि बर्मा-शेलही सरकारच्या ताब्यात आली. १९७७ च्या लाटेत ते पराभूत झाले आणि १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.