विश्लेषण : सोफोक्लीसने आणलेल्या तिसऱ्या नटामुळे शोकांतिका कशी बदलली?

इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्सच्या शोकांतिकेत नट दोनच असत; बाकी सगळा कोरस. हे चित्र बदलणारा सोफोक्लीस इ.स.पू. ४९६ च्या सुमारास अथेन्सजवळच्या कोलोनस गावात जन्मला. वडिलांचा शस्त्रे बनविण्याचा व्यवसाय होता, घर सधन होते. इ.स.पू. ४६८ मध्ये डायोनिसस देवाच्या उत्सवातील नाट्यस्पर्धेत त्याने बुजुर्ग एस्किलसला हरवले.

तिसऱ्या नटाने काय साधले?

दोन नटांत सवाल-जवाब होतो. तिसरा आला की कुणीतरी नुसते ऐकत उभे राहू शकते. ‘राजा इडिपस’मध्ये कोरिंथहून आलेला दूत इडिपसला त्याच्या जन्माची हकिकत सांगतो. राणी जोकास्टा शेजारीच आहे. आपला नवरा हाच आपला मुलगा, हे तिला आधी कळते. इडिपस मात्र खोदून खोदून विचारतच राहतो. पुढे तिचा गळफास आणि त्याचे डोळे फोडून घेणे प्रेक्षकांना दिसत नाही. सेवक येऊन सांगतो. हिंसा पडद्याआड ठेवायची, ही तिथली रीतच होती. सगळे नट पुरुष, चेहऱ्यावर मुखवटे, एकाच नटाकडे अनेक भूमिका. सोफोक्लीसने कोरसही १२ वरून १५ चा केला, असे जुने चरित्रकार सांगतात.

हे नाटक थेब्समधील महामारीने सुरू होते. अथेन्समध्ये इ.स.पू. ४३० मध्ये साथ आली आणि पुढच्याच वर्षी नेता पेरिक्लीस गेला. नाटक त्याच काळातले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे समोर बसलेल्यांसाठी ती निव्वळ दंतकथा नसावी. तरीही त्या वर्षी पहिले बक्षीस दुसऱ्यालाच मिळाले!

मग नियम कुणी केले?

सोफोक्लीसच्या मृत्यूनंतर सुमारे दोन दशकांनी जन्मलेल्या अ‍ॅरिस्टॉटलने. नायकाची घोडचूक, दैवाची उलटापालट, सत्याची ओळख आणि करुणा-भीतीतून होणारे भावविरेचन, ही मांडणी करताना त्याने ‘इडिपस’चाच दाखला पुन्हा पुन्हा दिला. म्हणजे नाटक आधी, नियम नंतर. स्थळ-काळाच्या एकतेचे कडक बंधन तर त्याहून कितीतरी उशिरा, युरोपातल्या पंडितांनी घातले. मराठीत हे नाटक पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने आणले.

सोफोक्लीस फक्त नाटककार नव्हता. अथेन्सच्या आघाडीचा खजिना त्याने सांभाळला, सामोसच्या युद्धात पेरिक्लीसबरोबर सेनापतीही झाला. नव्वदीच्या उंबरठ्यावर, इ.स.पू. ४०६ च्या सुमारास तो गेला. दोनच वर्षांनी स्पार्टापुढे अथेन्सने शरणागती पत्करली. ती त्याला पाहावी लागली नाही. शंभराहून अधिक नाटकांपैकी आज सातच पूर्ण उरली आहेत. त्यांतले शेवटचे इ.स.पू. ४०१ मध्ये त्याच्याच नावाच्या नातवाने रंगमंचावर आणले. त्यात आंधळा, वणवण फिरलेला इडिपस मरण्यासाठी कोलोनसला येतो.