ललिता पवार

ललिता पवार यांचा जन्म १९१६ साली नाशिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. त्यांचे मूळ नाव अंबिका. लहानपणीच त्या मूकपटांत कामे करू लागल्या. पुढे बोलपट आले आणि त्या नायिका झाल्या. 'हिंमत-ए-मर्दा' (१९३५) या बोलपटातील आपली गाणीही त्यांनी स्वतःच गायिली.

१९४२ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात सहनटाची चपराक चुकून फार जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली व डावा डोळा कायमचा अधू झाला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. नायिकेच्या भूमिका संपल्या. परंतु ललिताबाईंनी अभिनय सोडला नाही. त्या चरित्रभूमिका करू लागल्या. त्यांची खाष्ट सासू इतकी हुबेहूब असे, की प्रेक्षकांना तिचा खरोखर राग येई. त्याच प्रेक्षकांना 'श्री ४२०' (१९५५) मधील केळेवाली गंगामाई आपलीशी वाटली. 'अनाडी' (१९५९) मधील वरून कठोर पण अंतरी मायाळू घरमालकिणीने त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले. १९८७ साली सुरू झालेल्या दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेतील त्यांची मंथरा घरोघरी पोहोचली.

१९९८ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या व्यंगाने वाट अडविली, त्यालाच त्यांनी आपल्या कलेचे साधन केले.