लुकास क्रानाख : प्रार्थनामंदिरात चित्राची जागा राखणारे चित्रकार

जर्मनीतील क्रोनाख या गावी १४७२च्या सुमारास जन्मलेल्या लुकास यांनी गावाचेच नाव आडनाव म्हणून धारण केले. १५०५ मध्ये सॅक्सनीचे अधिपती फ्रेडरिक यांनी त्यांना विटेनबर्ग येथे दरबारी चित्रकार नेमले. तेथे त्यांनी मोठी चित्रशाळा उभारली, औषधालय चालवले आणि पुढे नगराध्यक्षपदही भूषवले.

याच नगरातून १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी धर्मसुधारणेचा प्रारंभ केला. दोघांचा घरोबा होता. १५२५ मध्ये ल्यूथर यांच्या विवाहास क्रानाख साक्षीदार होते. मात्र या सुधारणेनेच चित्रकारांपुढे संकट उभे केले. चर्चमधील चित्रे ही मूर्तिपूजाच होय, असे ल्यूथर यांचे सहकारी कार्लश्टाट यांनी १५२२च्या आरंभी प्रतिपादन केले आणि विटेनबर्गमध्ये चित्रांची मोडतोड झाली. अज्ञातवासातून परतलेल्या ल्यूथर यांनी सलग आठ दिवस प्रवचने देऊन हा उद्रेक शमवला. चित्राची पूजा त्यांनाही अमान्य होती. परंतु बोधासाठी चित्र असण्यास त्यांची हरकत नव्हती. झुरिचमध्ये मात्र १५२४ मध्ये चर्चमधील चित्रे उतरवण्यात आली.

पूजेसाठी नसलेले चित्र वेदीवर कसे असावे, याचे उत्तर विटेनबर्गच्या सेंट मेरी चर्चमधील १५४७च्या वेदीचित्रात सापडते. या कामात क्रानाख यांच्या पुत्राचाही हातभार होता. मध्यभागी प्रभू येशूचे अंतिम भोजन असून शिष्यांच्या पंगतीत ल्यूथरही बसलेले आहेत. बाजूच्या फलकांवर बाप्तिस्मा आणि पापकबुलीचे विधी आहेत. खालच्या पट्टीत एकीकडे प्रवचन देणारे ल्यूथर, दुसरीकडे नगरजन आणि मध्ये क्रूसावरील ख्रिस्त. प्रवचनकाराचा हात ख्रिस्ताकडे निर्देश करतो. चित्र येथे प्रवचनाचे सोबती झाले आहे.

त्याच वर्षी म्यूलबर्गच्या लढाईत सॅक्सनीचे अधिपती योहान फ्रेडरिक पराभूत होऊन बंदिवान झाले. पंचाहत्तरी उलटलेले क्रानाख १५५० मध्ये नगर सोडून स्वामींच्या बंदिवासात सोबतीला गेले. सुटकेनंतर दोघे वायमारला आले आणि १५५३ मध्ये तेथेच क्रानाख यांचे निधन झाले.

वायमारच्या चर्चमधील वेदीचित्र त्यांच्या पुत्राने १५५५ मध्ये पूर्ण केले. त्यात क्रूसाखाली ल्यूथर यांच्या शेजारी वृद्ध क्रानाख उभे आहेत आणि ख्रिस्ताच्या कुशीतून निघालेली रक्ताची धार थेट त्यांच्या मस्तकावर पडते. मध्यस्थ म्हणून तेथे ना कोणी संत आहे, ना धर्मगुरू.