पंडिता रमाबाई : गंगामूळच्या रानातून वॉशिंग्टनपर्यंत

दरवर्षी ८ मार्चला आपल्या मच्छेतल्या कार्यक्रमात आम्ही टेबलावर फोटो मांडतो. जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, डॉ. आनंदीबाई जोशी. मुली पाठ करून आलेली भाषणे म्हणतात, हळदीकुंकू होते, चहा होतो. पंडिता रमाबाईंचा फोटो मात्र आम्ही आजवर मांडलेला नाही. कोणी ठरवून वगळला असे नाही, पण कोणी आठवणही काढली नाही. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, आणि तेव्हापासून मराठी माणसाने त्यांचे नाव घेताना आवाज थोडा खाली आणला. हिंदुस्थानातल्या बायकांचे गाऱ्हाणे सातासमुद्रापार नेऊन मांडणारी पहिली मोठी मराठी बाई आपल्या फोटोंच्या ओळीत नाही. ते आम्हाला खटकू लागले, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, रमाबाई आपल्याला वाटतात त्यापेक्षा जवळच्या. त्यांचा जन्म पुण्यात झाला नाही. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात, म्हणजे आज कर्नाटकाच्या चिक्कमगळूरु जिल्ह्यात जिथे तुंगा आणि भद्रा उगम पावतात तिथे, त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन, मूळ घर कारकळजवळच्या माळ गावचे. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. मच्छे, येळ्ळूर, खानापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

ब्राह्मणाचे घर रानात का गेले, याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. अनंतशास्त्री तरुणपणी पुण्यात शिकत होते. त्यांचे गुरू पेशवे दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीला संस्कृत शिकवत. बाईच्या तोंडून संस्कृत श्लोक ऐकून या विद्यार्थ्याच्या मनाने घेतले की आपणही बायकोला शिकवायचे. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी ते चालू दिले नाही. ती वारल्यावर यात्रेत असताना गोदावरीकाठी एका ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊ केली. शास्त्रीबोवा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे. आजच्या नजरेला हे लग्न रुचणार नाही, आणि पुढे रमाबाईंनीही बालविवाहाविरुद्ध जन्मभर लिहिले. पण त्या मुलीला, लक्ष्मीबाईला, त्यांनी खरोखर शिकवले. त्यावरून गावात गहजब झाला. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे अनंतशास्त्र्यांना जाब द्यावा लागला. स्त्रीला संस्कृत शिकवण्यात अधर्म नाही हे त्यांनी ग्रंथांचे आधार काढून दाखवले, तेव्हा बहिष्कार टळला. तरी कटकट नको म्हणून ते रानात जाऊन राहिले. रमाबाईंना पहिले पाठ त्याच लक्ष्मीबाईंनी, पहाटे उठवून, मांडीवर घेऊन दिले.

रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कर्जापायी ते घरही सुटले. वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावरून त्यांना डोंगराखाली आणले. मग सगळे घरच यात्रेकरू झाले. देवळात पुराण सांगायचे, मिळेल त्या शिध्यावर राहायचे, पुढच्या क्षेत्राला निघायचे. या भटकंतीत मुलीला भागवताचे १८ हजार श्लोक मुखोद्गत झाले आणि कानडी, हिंदुस्थानी बोलता येऊ लागली. तिचे लग्न मात्र वडिलांनी लहानपणी केले नाही. १८७४ पासून दुष्काळाचे दिवस आले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मोठी बहीण गेली. उपाशीपोटी भीक मागायची लाज वाटावी अशा घरातली ही माणसे होती. हा अनुभव पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावा.

उरलेले बहीणभाऊ देशभर पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची अविवाहित मराठी मुलगी संस्कृतात भाषण करते, हे पाहून तिथले पंडित चकित झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, भाषा वेगळी. दीड वर्षातच पटकीने ते गेले. कडेवर दहा महिन्यांची मनोरमा आणि वय तेवीस, अशा स्थितीत त्या १८८२ साली पुण्यात आल्या.

पुणे त्यांच्या वाडवडिलांच्या भाषेचे, पण त्यांच्यासाठी परके गाव. तरी काही महिन्यांत त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन पुण्यात आले तेव्हा रमाबाईंची साक्ष झाली. मुलींसाठी शिक्षिका तयार करा, तपासायलाही बायकाच नेमा, आणि बायकांना डॉक्टरकी शिकू द्या, कारण पुरुष डॉक्टरपुढे जायच्या संकोचाने हजारो बायका उपचाराविना मरतात, असे त्यांनी सांगितले. १८८२ साली सरकारी कमिशनपुढे हे बोलायला केवढी छाती लागली असेल!

स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये त्या विलायतेला निघाल्या. बोटीचे भाडे ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून उभे केले. वाँटेज गावी जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे डॉक्टरकीचा बेत मोडला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या.

धर्म बदलला म्हणजे बाई परक्यांच्या मुठीत गेली, असे इथे सर्वांनी धरले. विलायतेतला पत्रव्यवहार वाचला तर चित्र उलटे दिसते. तिथल्या तरुण मुलांना रमाबाईंनी शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली की बाईने पुरुषांना शिकवणे बरे दिसणार नाही. उडुपीच्या सभेची लेक ती, तिने हे मुकाट्याने ऐकले नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असा तिचा सवाल होता. चर्चची मते पटेपर्यंत मानणार नाही, हे तिने आपल्या धर्ममातेला स्पष्ट लिहिले. मांसाहार तर शेवटपर्यंत केला नाही. आमच्या मते रमाबाईंचा खरा स्वभाव इथे दिसतो. शास्त्रीमंडळी असोत की बिशप, आपली बुद्धी कोणाकडे गहाण ठेवायची नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त घरगुती होते. दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होणार होत्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तिथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बालवाडीची पद्धत शिकल्या, गावोगाव बोलल्या, आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना त्याच महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांची, आणि ते अर्पण केले आईला. पुस्तक हातोहात गेले. दारूबंदीवाल्या फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी त्यांची मैत्री झाली. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरियट टबमन यांना भेटून ती हकिकत त्यांनी लेकीला पत्राने कळवली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि बालविधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा पुरवायचे ठरले. अट रमाबाईंची : शाळेत धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत.

मार्च १८८८ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय महिला परिषद प्रथमच भरली. मतदानाचा हक्क मागणाऱ्या सुसान अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन यांनी बोलावलेली. पांढऱ्या साडीतल्या रमाबाई तिथे हिंदुस्थानच्या म्हणून उभ्या राहिल्या. हिंदुस्थानात तेव्हा बाईला मत मागायचे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, आणि खुद्द अमेरिकेतही बायकांना देशभर मत मिळायला पुढे १९२० उजाडले.

परत आल्यावर त्यांनी अमेरिकेचे प्रवासवर्णन लिहिले ते मराठीत, १८८९ साली. आपल्या इकडच्या माणसांसाठी. त्यात त्या देशाचे कौतुक भरपूर आहे. पण काळ्या माणसांवरचा जुलूम, मूळ रहिवाशांचे हाल आणि बायकांना मिळणारी कमी मजुरी यांवरही त्यांनी पांघरूण घातले नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांचे दोषही त्यांनी लिहिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडले. तिथे आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत कपाळ पांढरे झालेली कोकणातली मुलगी. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ ला, तिचे लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झाले. कर्वे रमाबाईंपेक्षा अवघ्या पाच दिवसांनी मोठे, १८ एप्रिल १८५८ चे. हिंगण्याची संस्था आणि पुढचे महिला विद्यापीठ आपण अभिमानाने सांगतो, पण त्या संसाराचा पाट शारदा सदनात मांडला गेला हे सांगायचे राहून जाते. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला हजर राहिलेल्या मोजक्या स्त्री-प्रतिनिधींतही रमाबाई होत्या.

१८९० मध्ये सदन पुण्याला आले आणि वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, काही मुली जाऊन बसत. रमाबाईंचे म्हणणे, मी बोलावत नाही आणि हाकलतही नाही. ‘केसरी’ने कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. इथे कोणा एकालाच दोषी धरणे आम्हाला जमत नाही. पालकांची भीती अगदीच पोकळ नव्हती. पुढे केडगावला रमाबाईंनी उघडपणे ख्रिस्ती संस्था चालवली आणि तिथल्या पुष्कळ मुली त्या धर्मात गेल्या. पण एक हिशेब राहतोच. घरी परत नेलेल्या त्या मुलींचे पुढे काय झाले, त्यांच्या हातातली पाटी राहिली की गेली, याची चौकशी टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी केली?

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईचे आईबाप दुष्काळाने नेले, ती पुण्यात बसून राहणे शक्यच नव्हते. रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. या वेळी जात विचारली नाही. पुण्यात प्लेग सुरू झाल्यामुळे दौंडच्या वाटेवरील केडगावला, आधी घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर, तंबू आणि झोपड्या पडल्या. प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी हेळसांड चालली होती तिच्यावर त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले, आणि तो विषय विलायतेच्या पार्लमेंटात निघाला. ख्रिस्ती झाली म्हणून सरकारची झाली, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र वाचायला हवे.

केडगावचे मुक्ति सदन १८९८ मध्ये रीतसर सुरू झाले. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजार माणसे होती. शेती, विणकाम, गुरे, तेलाची घाणी, छापखाना, सगळे बायकांच्या हाती. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. वृद्धांसाठी, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी वेगळ्या सोयी होत्या. १९१२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्यालाही मायलेकींनी शाळा काढली. कानडी मुलखातून निघालेली वाट फिरून कानडी मुलखात आली.

शेवटची कित्येक वर्षे रमाबाई एका कामात बुडाल्या होत्या. मराठी बायबल होते, पण त्याची भाषा नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला झेपत नसे. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संस्कृताचा बोजा काढून साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. संस्कृताने ज्यांना पदवी दिली, त्यांनीच हे करावे! खिळे जुळवणाऱ्या आणि यंत्र चालवणाऱ्या केडगावच्याच बाया. काम चालू असतानाच जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंनी हातातले मुद्रित सोडले नाही. भाषांतर हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

त्या तिकिटावरूनच मोठा करून घेतलेला फोटो यंदा आमच्याकडे तयार आहे. ८ मार्चला तो आनंदीबाईंच्या शेजारी लागेल. भाषणासाठी दोन मुलींनी नावे दिली आहेत. आणखी कोणाची मुलगी किंवा मुलगा तयार असेल तर फेब्रुवारीअखेर मंडळात कळवावे.