विस्मृतीच्या व्याधीचा माग घेणारे डॉ. अल्झायमर

स्मृती हिरावून घेणारी व्याधी आज ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या जर्मन मनोविकारतज्ज्ञ डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी आपले संशोधन प्रथम मांडले, तेव्हा सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नव्हता.

बव्हेरियातील मार्क्टब्राइट येथे १४ जून १८६४ रोजी त्यांचा जन्म झाला. १८८७ मध्ये वुर्झबर्ग येथे वैद्यकीय पदवी संपादन केल्यानंतर पुढच्याच वर्षी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथे सहकारी फ्रान्झ निस्ल यांच्यासमवेत रुग्णसेवेबरोबरच सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या ऊतकांचा अभ्यास सुरू झाला. मनोविकारांचे मूळ मेंदूतील बदलांतही शोधले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

१९०१ हे वर्ष कसोटीचे ठरले. पत्नी सेसिली यांचे निधन झाले आणि तीन मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५१ वर्षांची एक महिला रुग्णालयात दाखल झाली. स्वतःचे नाव लिहितानाही ती मध्येच अडखळत असे. अल्झायमर यांनी तिच्याशी झालेल्या संवादांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. पुढे ते एमिल क्रेपेलिन यांच्याकडे म्युनिकला गेले. मात्र या रुग्णाचा त्यांना विसर पडला नाही.

एप्रिल १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर तिचा मेंदू म्युनिकला पाठवण्यात आला. चांदीच्या क्षारांनी ऊतक रंगवून पाहिले असता पेशींबाहेर साचलेले कण आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता स्पष्ट दिसला. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. पण श्रोत्यांनी चर्चा केली नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या व्याधीला अल्झायमर यांचे नाव दिले. तरीही पुढील कित्येक दशके ती मध्यमवयातील दुर्मीळ व्याधी मानली गेली. वृद्धांच्या मेंदूतही तेच बदल आढळल्यानंतर तिची व्याप्ती उमगली.

१९१२ मध्ये ते ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापक झाले. परंतु प्रकृती ढासळत गेली. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ती रुग्ण दाखल झाली, तेव्हा तिचेही वय हेच होते. फ्रँकफर्टमध्ये पत्नीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

त्या रुग्णाची हरवलेली नोंदवही १९९५ मध्ये फ्रँकफर्टमध्ये सापडली. अल्झायमर यांना दिसलेले कण अमायलॉइड या प्रथिनाचे, तर गुंता टाऊ या प्रथिनाचा असल्याचे आता ज्ञात आहे. व्याधी समूळ बरी करणारे औषध अद्याप हाती आलेले नसले, तरी त्याचा शोध आजही त्याच दोन खुणांभोवती सुरू आहे.