इंग्लंड रिटर्न इंजिनिअर आणि मांजरेचं पाणी

सोनपेठमध्ये सिव्हिलला असलेल्या पोराला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. बाहेर जाणार की स्पर्धा परीक्षा देणार, हा पहिला. आणि बाहेर गेलास तर परत येणार का, हा दुसरा. पहिला प्रश्न पाहुणे विचारतात, दुसरा आई. तुम्हालाही हे चुकलं नसेल. सव्वाशे वर्षांपूर्वी हेच दोन प्रश्न समोर असलेला एक मुलगा आपल्याच संस्थानातला होता. आपल्या म्हणजे निजामाच्या. तेव्हा सोनपेठ हा वेगळा तालुका नव्हता, पण परभणी जिल्हा होता आणि तो जिल्हा हैदराबादच्या दफ्तरातून चालायचा.

मुलाचं नाव मीर अहमद अली. जन्म ११ जुलै १८७७, हैदराबादचा. वडील संस्थानच्या नोकरीत. सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल, मदरसा-ए-आलिया, मग निजाम कॉलेज. घरची परिस्थिती अगदीच हलाखीची होती असं काही नाही, उगाच तशी गोष्ट रंगवायला नको. पण इंग्लंडला स्वतःच्या पैशानं जाणं वेगळंच. ते जमलं संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळं. आदल्याच वर्षी, १८९५ मध्ये, हैदराबादची एक सोळा वर्षांची मुलगीही निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली होती. ती म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू. १८९६ मध्ये मीर अहमद अलीचा नंबर लागला.

तो ज्या कॉलेजात गेला ते आज तुम्हाला कुठल्याच रँकिंगमध्ये सापडणार नाही, कारण ते १९०६ मध्येच बंद झालं. लंडनजवळ, थेम्स नदीच्या काठावरच्या एगम गावाशेजारी कूपर्स हिल नावाची टेकडी आहे. तिथं रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज होतं. नाव इंडियन, पण वर्गात बहुतेक सगळे इंग्रज. हिंदुस्थानातले कालवे, रस्ते आणि पूल बांधायला इंग्रज इंजिनिअर तयार करायचे, एवढ्यासाठीच ते काढलेलं. तिथून पास झालेला इंग्रज पोरगा बोटीत बसून पंजाब नाहीतर मद्रासला जायचा आणि थेट साहेब व्हायचा. अशा वर्गात हैदराबादचा हा मुलगा तीन वर्षं टिकला, बक्षिसं मिळवली आणि १८९९ मध्ये परत आला. वय बावीस.

परत आल्यावर हाती काय लागलं? संस्थानच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअरची नोकरी. मोठ्या ब्रिटिश इलाख्यांतला रुबाब इथं नव्हता. आणि वर्ष कुठलं, तर १८९९, म्हणजे मोठ्या दुष्काळाची सुरुवात. मराठवाडा त्यात भाजून निघाला. त्याच सुमाराला मनमाडहून परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी मीटरगेज रेल्वे तयार होत होती. पाणी नाही, पण रूळ आले, अशी आपल्याकडची गत.

इथून पुढं त्यांना अहो-जाहो करायला हवं. कारण १९१८ मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी, ते हैदराबाद संस्थानचे मुख्य अभियंता झाले. नवाब अली नवाज जंग हा किताब मिळाला आणि मूळ नाव मागं पडलं. मधली एकोणीस वर्षं खात्यातच पायरी पायरी चढण्यात गेली. कंपनी बदलून पगार वाढवायचा पर्याय तेव्हा नव्हता, हे एमबीए करून इन्फ्रा कंपनीत जायचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीनं हैदराबाद शहर धुऊन नेलं होतं. हजारो माणसं गेली. पूर अडवायचा आणि शहराला पाणीही द्यायचं, यासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. त्यांच्या योजनेतून दोन तलाव उभे राहिले. पहिला उस्मानसागर १९२० ला पूर्ण झाला. दुसरा हिमायतसागर, तो १९२७ ला, अली नवाज जंग मुख्य अभियंता असताना झाला. पुढं १९२९ मध्ये मुंबई सरकारनं सिंधमधल्या सक्करच्या मोठ्या बंधाऱ्याची बाजू तपासायला दोघांना नेमलं, एक विश्वेश्वरय्या आणि दुसरे अली नवाज जंग. म्हणजे पुण्यात शिकलेला आणि इंग्लंडमध्ये शिकलेला, दोघं एकाच टेबलाशी. कोण कुठं शिकलं हा प्रश्न तोवर केव्हाच निकालात निघाला होता.

पण त्यांचं खरं काम निजामसागर. १९२३ ला सुरू झालं, १९३१ ला संपलं. मांजरा नदीवर, आजच्या कामारेड्डी जिल्ह्यात, सुमारे तीन किलोमीटर लांबीचं दगडी धरण. जेसीबी नाही, काँक्रीटचा पंप नाही. साठा जवळपास २९ टीएमसी, भिजणार होती पावणेतीन लाख एकर जमीन. कालव्याखाली भात आला, ऊस आला. उसामागून १९३७ मध्ये बोधनला साखर कारखाना आला. बिलोली, देगलूरकडच्या माणसांना बोधन काही परकं नाही.

आता इथं थांबा आणि नकाशा उघडा. मांजरा उगम पावते कुठं? बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडच्या बालाघाटात. आपल्या डोंगरात पडलेला पाऊस लातूर, बीदर ओलांडून खाली जायचा आणि तिथं अडवला जायचा. त्या काळात मराठवाड्यात याच्या तोडीचं एकही धरण झालं नाही. कारणं सांगता येतात. तेलंगणात तळ्यांवर भात पिकवायची जुनी रीत होती, धरणाला जागा चांगली होती. आपली काळी जमीन कालव्याच्या पाण्यानं चिबाडते, ज्वारी आणि कापूस पावसावर भागतात, असं दख्खनमधल्या इंजिनिअरांचं त्या वेळचं मत होतं. कारणं खरी असतील, पण मला ती पुरेशी वाटत नाहीत. दुष्काळाच्या वर्षी नोकरीला लागलेल्या माणसाच्या हाताखालचं खातं गोदावरीच्या या काठावर पाणी न आणता पुढं गेलं, ही गोष्ट त्यांच्या मोठेपणातून वजा करता येत नाही. येलदरी आणि सिद्धेश्वर आले ते महाराष्ट्र झाल्यावर, जायकवाडी तर १९७६ ला. माजलगावच्या कालव्याचं आवर्तन कधी सुटतं याची वाट आपण आजही बघतो.

आता दुसरी बाजूही ऐका. धरण बांधण्यापेक्षा पाण्यातला हिस्सा मिळवणं अवघड, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुंगभद्रेच्या पाण्यावरून हैदराबाद आणि मद्रास यांच्यात वर्षानुवर्षं वाद होता. मद्रासच्या मागं ब्रिटिश सरकार, हैदराबादच्या बाजूनं हिशेबाच्या वह्या घेऊन बसणारे अली नवाज जंग. १९४४ ला करार झाला तेव्हा दोघांना सारखंच, ६५-६५ टीएमसी पाणी मिळालं. कूपर्स हिलला शिकवलेलं गणित इंग्रजांच्याच इलाख्यापुढं असं कामाला आलं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हा धडा नसतो. पाणीवाटपाची भांडणं मात्र रोजच्या पेपरात असतात.

१९३८ मध्ये काँग्रेसनं पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तिच्या नद्या आणि सिंचनाच्या उपसमितीचे अध्यक्ष म्हणून निजामाच्या नोकरीतल्या या माणसाला बोलावलं होतं. संस्थान आणि काँग्रेस यांचं तेव्हा काय सख्य होतं ते तुम्ही मुक्तिसंग्रामाच्या धड्यात वाचलंय. तरी पाण्यातलं कळणारा माणूस म्हणून नाव हेच पुढं आलं.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं. अली नवाज जंग ६ डिसेंबर १९४९ ला गेले. पुढं १९५६ ला संस्थानचेच तीन तुकडे झाले. निजामसागर आंध्रात गेलं, तुंगभद्रेचा रायचूरकडचा कालवा कर्नाटकात आणि आपण मुंबई राज्यात. तिघांच्या वाटणीत माणूस एकाच घरी राहिला. २०१४ पासून तेलंगणा ११ जुलैला त्यांच्या नावानं अभियंता दिन पाळतं. आपल्या कॉलेजांत १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांचा फोटो लागतो, जो लागायलाच हवा. शेजारी दुसरा लावायला भिंतीवर जागा असते.

तुमच्यातल्या कुणाला राजर्षी शाहू शिष्यवृत्ती मिळेल, कुणी कर्ज काढून जर्मनीला जाईल, कुणी नांदेडच्या एसजीजीएसमधूनच शिकून जलसंपदा खात्यात लागेल. त्याआधी एखाद्या रविवारी गंगाखेड, नांदेड, देगलूर, मद्नूर असं करत निजामसागरला जाऊन या. पावसाळ्याच्या शेवटी जा. दरवाजे उघडे असले तर आवाज लांबूनच येतो. धरणाचा साठा आता पहिल्यासारखा राहिलेला नाही, बराच गाळ बसलाय. त्यातली काही माती बालाघाटातली आहे.