विल्यम ब्रूक ओशॉनेसी

सर विल्यम ब्रूक ओशॉनेसी (जन्म : लिमरिक, आयर्लंड, ऑक्टोबर १८०९; मृत्यू : साउथसी, इंग्लंड, जानेवारी १८८९) हे आयरिश वैद्य, रसायनशास्त्रज्ञ आणि भारतातील तारायंत्राचे आद्य प्रवर्तक होते. उत्तरायुष्यात त्यांनी नाव बदलल्यामुळे काही ग्रंथांत त्यांचा उल्लेख सर विल्यम ओशॉनेसी ब्रूक असाही आढळतो. शालेय इतिहासाच्या पुस्तकांत लॉर्ड डलहौसीच्या सुधारणांची यादी येते, तिच्यात तारखाते असते. ते उभारणाऱ्याचे नाव बहुधा नसते. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे स्थान याहून मोठे आहे. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांनी पटकीच्या (कॉलरा) रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले आणि रक्तातील पाणी, मीठ व सोडा शरीराबाहेर निघून गेल्यामुळे रोगी दगावतो, असे दाखवून दिले. आज रुग्णालयात शिरेतून दिले जाणारे सलाइन आणि घरोघरी माहीत असलेली जलसंजीवनी या दोहोंचा उगम या निष्कर्षापर्यंत मागे नेता येतो.

== जन्म आणि शिक्षण ==

ओशॉनेसी यांनी काही काळ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण घेतले आणि पुढे स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठातून १८२९ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली. विषविज्ञान व न्यायवैद्यक या विषयांत त्या काळी एडिंबराचा मोठा लौकिक होता. रसायनशास्त्राच्या साहाय्याने रोग आणि विषे ओळखण्याची जी दृष्टी त्यांना तेथे लाभली, ती आयुष्यभर टिकली.

१८३० मध्ये ते लंडनला आले. परंतु एडिंबराच्या पदवीवर लंडनमध्ये वैद्यकीय व्यवसाय करण्यास तेथील वैद्यमंडळाची परवानगी मिळत नसे. रोगी तपासता येईनात, म्हणून त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि रक्त, विषे व खाद्यपदार्थ तपासण्यास सुरुवात केली. मुलांच्या मिठाईला रंग आणण्यासाठी शिसे, तांबे आणि पारा यांची विषारी संयुगे वापरली जातात, हे त्यांनी १८३१ मध्ये ‘लान्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. खाद्यपदार्थांतील भेसळ रासायनिक कसोटीने उघडी पाडण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. वैद्यकीची वाट मोकळी असती, तर हा तरुण प्रयोगशाळेत इतका रमला असता की नाही, याची शंका येते.

== पटकीवरील संशोधन ==

पटकीची साथ १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर भागातून फैलावली आणि पुढच्याच वर्षी दख्खन व मुंबईपर्यंत येऊन पोहोचली. महाराष्ट्राला या रोगाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. गावाच्या वेशीवरची मरीआई, साथ आली की निघणारे तिचे गाडे, ओस पडलेल्या वाड्या यांच्या आठवणी जुन्या पिढीच्या बोलण्यातून अगदी अलीकडेपर्यंत येत असत. पंढरीची वारी असो वा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ, नदीकाठी मोठा समुदाय जमला की पटकीची धास्ती असे. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी दगावे; डोळे खोल जात, कातडी सुरकुते, हातपाय गार पडत, नाडी हाती लागत नसे.

हीच साथ रशियामार्गे युरोपात शिरली आणि १८३१ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या संडरलंड बंदरात उतरली. उपचारांबाबत वैद्यांत एकवाक्यता नव्हती. शीर तोडून रक्त काढणे, पाऱ्यापासून केलेली रेचके देणे आणि अफू चारणे हे प्रचलित उपाय होते. ज्याच्या शरीरातले पाणी आधीच आटले आहे त्याचे आणखी रक्त काढणे आणि त्याला रेचक देणे म्हणजे काय, हे आज सांगावे लागत नाही. पण त्या वेळी ते शास्त्रशुद्ध मानले जात होते.

ओशॉनेसी १८३१ च्या डिसेंबरात रोगग्रस्त भागात गेले. रोग्यांचे रक्त आणि उत्सर्ग मिळवून त्यांनी त्यांचे पृथक्करण केले आणि महिनाअखेर ‘लान्सेट’मध्ये आपले निष्कर्ष थोडक्यात मांडले. सविस्तर अहवाल १८३२ च्या आरंभी निघाला. त्यांचे निष्कर्ष असे होते : रोग्याच्या रक्तातील पाण्याचा मोठा अंश नाहीसा झालेला असतो, म्हणून ते काळे व दाट होते, त्यातील क्षारही घटलेले असतात, निरोगी रक्तद्रवात असणारा मोकळा अल्क, म्हणजे सोड्याचा अंश, काही रोग्यांत अत्यल्प तर काहींत मुळीच उरत नाही, आणि रक्तातून जे जे नाहीसे झाले ते ते रोग्याच्या जुलाबांत सापडते. ज्यांची लघवी बंद झाली होती, अशांच्या रक्तात युरिया साठलेला त्यांना आढळला.

जमाखर्चाच्या वहीत एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूला तंतोतंत सापडावी, तसा हा ताळा होता. त्यावरून त्यांनी उपचाराची दिशाही सांगितली. रक्ताला त्याचे मूळचे पातळपण आणि त्यातून गेलेले क्षार परत मिळाले पाहिजेत. पोटातून ते शोषले जात नसतील, तर पाण्यात विरघळवून सरळ शिरेत सोडावेत. स्वतः मात्र त्यांनी हा उपचार पटकीच्या रोग्यांवर केला नाही.

तो केला स्कॉटलंडच्या लीथ बंदरातील थॉमस लॅटा या वैद्याने. ओशॉनेसींचा अहवाल वाचून लॅटा यांनी १८३२ च्या मे महिन्यात कोमट पाण्यात मीठ आणि थोडा सोडा विरघळवला व तो द्राव एका मरणोन्मुख वृद्धेच्या शिरेत सोडला. अर्ध्या तासात सुमारे सहा पिंट, म्हणजे तीन लिटरांहून अधिक द्राव दिल्यावर तिचे डोळे उजळले, हातपायांत ऊब आली आणि ती बोलू लागली. लॅटा तिला दुसऱ्या वैद्याच्या हवाली करून विश्रांतीस गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, द्राव पुन्हा दिला गेला नाही आणि काही तासांत ती वारली. जितके जाईल तितके भरत राहावे लागते, हा या उपचाराचा गाभा पहिल्याच रोग्याने शिकवला; तो धडा मात्र बहुतेकांनी घेतला नाही. उपचार अगदी शेवटच्या घटकेच्या रोग्यांवर होत असत, द्राव एकदाच देऊन थांबवला जाई, आणि जंतूंचे ज्ञान नसल्यामुळे पाणी व उपकरणे निर्जंतुक नसत. त्यामुळे बरे होणाऱ्यांचे प्रमाण फारसे वाढले नाही. साथ ओसरली, १८३३ मध्ये लॅटा निधन पावले, ओशॉनेसी हिंदुस्थानात निघून आले आणि ही पद्धत विस्मरणात गेली. त्यानंतर पटकीच्या कित्येक साथी आल्या आणि गेल्या. रोग्यांची शीर तोडणेही पुष्कळ काळ चालूच राहिले.

== कोलकात्यातील कार्य ==

ओशॉनेसी १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सेवेत साहाय्यक शल्यवैद्य म्हणून दाखल झाले. १८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजची स्थापना झाली आणि तेथे त्यांनी रसायनशास्त्राचे अध्यापन केले. विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राची पुस्तिका, देशी औषधींचा परिचय करून देणारी ‘बंगाल डिस्पेन्सेटरी’ आणि १८४४ मधील ‘बंगाल फार्माकोपिया’ हे त्यांचे या काळातील ग्रंथ होत. आयुर्वेदातील व युनानीतील द्रव्यांकडे त्यांनी उपहासाने पाहिले नाही. द्रव्य घ्यावे, त्याचा गुण प्रयोगाने पडताळावा आणि मग मत द्यावे, अशी त्यांची रीत होती.

गांजावरील त्यांचे संशोधन याच रीतीचे फळ आहे. स्थानिक वैद्य-हकीमांकडून माहिती घेऊन त्यांनी गांजाच्या अर्काचे प्रयोग आधी प्राण्यांवर केले आणि नंतर संधिवात, धनुर्वात, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा रोग व बालकांचे झटके अशा विकारांत तो बेताच्या मात्रेने वापरला. १८३९ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि युरोपीय वैद्यकात या वनस्पतीचा औषधी म्हणून प्रवेश झाला. पिसाळ रोग बरा झाला नाही, रोग्याच्या यातना तेवढ्या कमी झाल्या, हे त्यांनी लपवले नाही. सततच्या सेवनाने होणाऱ्या भ्रमाचेही त्यांनी वर्णन केले. १८४३ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

== तारायंत्र ==

गांजावरील लेख प्रसिद्ध झाला त्याच १८३९ साली त्यांनी कोलकात्याजवळ साडेतेरा मैल लांबीची तार टाकून विजेने संदेश पाठवण्याचे प्रयोग केले. तारेचा काही भाग हुगळीच्या पात्रातून नेला होता. संदेश बोटांना बसणाऱ्या सौम्य विजेच्या धक्क्यांवरून ओळखावा, अशी त्यांची युक्ती होती. सरकारने त्या वेळी फारसे लक्ष दिले नाही. पुढे काही वर्षे ते कोलकात्याच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहण्याच्या कामावर होते.

डलहौसीच्या कारकिर्दीत या प्रयोगांचे भाग्य उजळले. १८५१ मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. इंग्लंडमधील साहित्य येथील हवेला उपयोगी पडत नाही, हे ओळखून ओशॉनेसींनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळ्या वापरल्या. जेथे जे मिळेल त्याचे खांब केले : बांबू, ताड, साल, दगड मुबलक असेल तेथे दगडही. वाळवी, माकडे, वादळे आणि नद्यांचे पूर यांच्याशी गाठ होती. शिवचंद्र नंदी हे बंगाली सहकारी त्यांना टांकसाळीत भेटले. तारखात्याच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा आहे आणि तो अधिक ठळकपणे सांगितला गेला पाहिजे.

१८५३ च्या नोव्हेंबरात मोठे काम सुरू झाले आणि २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कोलकात्यास, सुमारे आठशे मैलांवर, पहिला संदेश गेला. आग्र्याहून एक तार वायव्येस पंजाबकडे आणि दुसरी इंदूरच्या बाजूने दक्षिणेस उतरून मुंबईस आली. मुंबईपासून पुण्यामार्गे मद्रासला जोडणारी तारही झाली. बोरीबंदर-ठाणे आगगाडीला तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. १८५५ च्या फेब्रुवारीत तारसेवा जनतेसाठी खुली झाली. ज्या देशात हलकारे आणि डाकेचे घोडे हीच वेगाची परिसीमा होती, तेथे मुंबईचे वर्तमान त्याच दिवशी कोलकात्यास कळू लागले. या कामगिरीबद्दल १८५६ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

१८५७ च्या उठावात तारेचे दुसरे रूप दिसले. मे महिन्यात दिल्लीहून अंबाल्याला गेलेल्या संदेशामुळे पंजाबातील इंग्रज अधिकारी वेळीच सावध झाले, आणि बंडवाल्यांनीही ठिकठिकाणी खांब पाडून तारा तोडल्या. हे खाते राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी उभारले गेले होते, ही गोष्ट ओशॉनेसींचे चरित्र लिहिताना विसरता येत नाही. भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

== अखेरची वर्षे ==

१८६० मध्ये ओशॉनेसी कायमचे इंग्लंडला परतले. पुढील वर्षी त्यांनी ब्रूक हे आडनाव धारण केले आणि त्यानंतर ते सार्वजनिक जीवनातून जवळजवळ नाहीसे झाले. ज्या माणसाने तीन क्षेत्रांत नवी वाट पाडली, त्याने अखेरची जवळजवळ तीस वर्षे अशी निवांत घालवली. त्यांचे तीन विवाह झाले होते. वयाच्या ऐंशीव्या वर्षी साउथसी येथे त्यांचे निधन झाले.

== मीठ, सोडा आणि साखर ==

ओशॉनेसींच्या मूळ निष्कर्षाकडे वैद्यक विसाव्या शतकात परत आले, आणि तेही त्यांच्याच कर्मभूमीत. कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०८ पासून पटकीच्या रोग्यांना शिरेतून मिठाचे तीव्र द्रावण देण्यास सुरुवात केली. तेवढ्याने काही रोगी सावरत आणि पुढे लघवी बंद होऊन दगावत. फिलिपिन्समध्ये सेलर्ड्स यांनी अल्काच्या उणिवेकडे लक्ष वेधले होते. त्यानुसार रॉजर्स यांनी द्रावणात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजेच खाण्याचा सोडा, मिसळला आणि मृत्यूंचे प्रमाण आणखी खाली आले.

याचे कारण आता स्पष्ट आहे. निरोगी माणसाच्या रक्तात दर लिटरमागे सुमारे २४ मिलिमोल बायकार्बोनेट असते आणि शरीरात तयार होणारी आम्ले ते निष्प्रभ करते. पटकीच्या जुलाबांतून बायकार्बोनेट वेगाने वाहून जाते. रक्त आम्लतेकडे झुकते. रोगी खोल आणि जलद श्वास घेऊ लागतो. रक्तदाब सावरत नाही. केवळ मीठपाण्याने पाणी भरून निघते, गेलेला अल्क भरून निघत नाही. हल्ली शिरेतून बहुधा रिंगर लॅक्टेट देतात. त्यातील लॅक्टेटचे यकृतात बायकार्बोनेट बनते.

पुढची पायरी तोंडाने द्यायच्या औषधाची होती. आतड्यात साखरेसोबत सोडियम आणि त्यामागून पाणी शोषले जाते, हे कळल्यावर ती शक्य झाली. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून देण्याचे द्राव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा हे मिश्रण पिंपांतून रोग्यांना व त्यांच्या नातलगांना दिले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली उतरले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या जलसंजीवनीत मीठ साडेतीन ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट अडीच ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम आणि ग्लुकोज २० ग्रॅम असे प्रमाण होते. दमट हवेत सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पुडीत टिकत नसे, म्हणून १९८४ पासून सोड्याऐवजी ट्रायसोडियम सायट्रेट घालण्यात येऊ लागले. शरीरात त्याचेही बायकार्बोनेटच होते. २००२ मध्ये मीठ व ग्लुकोज यांचे प्रमाण कमी करण्यात आले; दवाखान्यांतून व औषधांच्या दुकानांतून सध्या मिळणारी पुडी या सूत्राची असते. ती पुडीवर सांगितलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात पूर्ण रिकामी करावयाची असते. घरी अंदाजाने सोडा घालून तिची नक्कल करू नये, कारण सोड्याची मात्रा अधिक झाल्यास, विशेषतः लहान मुलांत, रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढते.